अॅडिनोव्हायरस आपलें घर कसें बांधतो



१६ जानेवारी २०२१ ह्या दिवशीं आपल्या देशांत कोविडची लस टोंचण्यास आरंभ झाला. त्यानंतर जेवढ्या मात्रा लोकांस मिळाल्या त्यांपैकीं बहुतेक मात्रा पुण्याच्या सिरम इन्स्टिट्यूटमध्यें तयार झालेल्या ‘कोविशील्ड’ लसीच्या होत्या. माझें गांव सुपा हें पुणें-नगर रस्त्यावरचें, पारनेर तालुक्यांतलें. (जिल्ह्याचें नांव आतां अहिल्यानगर आहे, आम्हां जुन्या माणसांच्या तोंडीं नगर हेंच राहिलें आहे.) लस गांवांत पोंचली तेव्हां, सेवानिवृत्त मास्तर म्हणून, मला पुष्कळ जण एकच प्रश्न विचारीत. “गुरुजी, ह्या सुईंतून विषाणूच अंगांत घालतात म्हणे. तो आंत वाढला तर काय करावयाचें?”

प्रश्न अडाणीपणाचा मुळींच नव्हता. कुपींत खरोखरच विषाणु होता. मात्र तो कोविडचा नव्हे, तर चिंपांझी वानराच्या अंगांत आढळणारा अॅडिनोव्हायरस होता. तो वाढणार नाहीं हें सांगणें सोपें आहे. कां वाढणार नाहीं हें समजावयाचें तर हा विषाणु एरवीं वाढतो कसा, त्याचीं प्रथिनें कोणत्या क्रमानें कामास लागतात, आणि त्यांतलें एखादें काढून घेतलें तर सारें काम कोठें अडतें, हें पाहावें लागतें. आजच्या भाषणाचा विषय तोच आहे.

१९५३ सालीं अमेरिकेंत वॉलेस रो व त्यांचे सहकारी लहान मुलांच्या घशांतून शस्त्रक्रियेनें काढलेल्या अॅडिनॉइड नांवाच्या गांठींच्या पेशी कांचपात्रांत वाढवीत होते. कांहीं आठवड्यांनीं त्या पेशी आपोआप नाश पावूं लागल्या, आणि त्यांच्या नाशाचें कारण म्हणून एक नवीन विषाणु हातीं लागला. त्या गांठींवरून १९५६ मध्यें त्याचें अॅडिनोव्हायरस असें नामकरण झालें. आपल्या घरीं हा पाहुणा येऊन गेलेला नाहीं असें कुटुंब विरळा. मुलांचा घसा धरून येणारा ताप, कांहीं प्रकारचे जुलाब, आणि आपण ज्यास ‘डोळे येणें’ म्हणतों त्या विकाराच्या कित्येक सांथी ह्याच्याच असतात. एरवीं सौम्य असला तरी लहानग्यांस तो भारी पडूं शकतो; २०२३ च्या आरंभीं पश्चिम बंगालमध्यें त्यानें पुष्कळ बालकांस श्वासाच्या विकारानें रुग्णालयांत पोंचविलें.

ह्या विषाणूची रुंदी सुमारे ९० नॅनोमीटर आहे. एका मिलिमीटरचे दहा लाख भाग केले तर त्यांतले नव्वद. म्हणजे एका मिलिमीटरच्या रेघेवर अकरा हजार विषाणु शेजारीं शेजारीं बसतील. एवढ्याशा कणाची आकृति मात्र भूमितीच्या पुस्तकांतली आहे. वीस समभुज त्रिकोणी बाजू आणि बारा कोपरे. प्रत्येक बाजूवर हेक्झॉन नांवाचे १२ ठोकळे, म्हणजे वीस बाजूंवर मिळून २४०. आणि प्रत्येक कोपऱ्यावर पेंटॉन नांवाचा एक, असे १२. एकूण २५२. केंब्रिज येथें १९५९ मध्यें इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखालीं ही रचना प्रथम स्पष्ट दिसली. एकेक हेक्झॉन हा एकाच प्रथिनाच्या तीन रेणूंची घट्ट वेणी आहे, तेव्हां नुसत्या हेक्झॉनांसाठींच ७२० रेणु लागतात. पेंटॉनांत पांच रेणूंचें पीठ असतें आणि त्यावर तीन रेणूंचा एक तंतु, निशाणाच्या काठीसारखा, बाहेर उभा असतो. (पांचांच्या पिठावर तिघांचा तंतु बसतो कसा, ह्या कोड्यानें शास्त्रज्ञांस बराच काळ सतावलें होतें. तंतूच्या तीन शेंपट्या पिठाच्या पांच खोबणींपैकीं तिहींत अडकतात आणि दोन रिकाम्या राहतात, असा त्याचा उलगडा आहे.)

ह्या कवचाच्या आंत डीएनएची एक सरळ, दोन पदरी दोरी असते. तिच्यावर सुमारे ३६,००० अक्षरजोड्यांचा मजकूर आहे. ती दोरी ताणून धरली तर बारा हजार नॅनोमीटरांहून लांब भरेल. म्हणजे जें घर तिला राहण्यास मिळालें आहे त्याच्या सव्वाशेंहून अधिक पट. सातवें प्रथिन व त्याचीं एकदोन भावंडें तिला गुंडाळून ठेवतात म्हणून ती मावते. ह्या विषाणूच्या कित्येक प्रथिनांस नांवें नाहींत, रोमन अंक आहेत. ते शोधकांनीं वजनाच्या उतरत्या क्रमानें दिले. मी आपला सहावें, सातवें असेंच म्हणेन.

पेशींत शिरण्याचा प्रकार थोडक्यांत सांगून पुढें जातों. कोपऱ्यावरचा तंतु पेशीच्या अंगावरील एका विशिष्ट प्रथिनाला चिकटतो, पायथ्याचें पीठ दुसऱ्यास धरतें, आणि पेशी ह्या पाहुण्यास एका पिशवींत घालून आंत ओढते. आंत गेल्यावर कवचाचे कोपरे सुटतात, सहावें प्रथिन बाहेर येऊन पिशवी फाडतें, आणि उरलेलें कवच पेशीच्याच वाहकांच्या खांद्यावर बसून केंद्रकाच्या दारापर्यंत जातें. तेथें तें मोडतें आणि डीएनए आंत शिरतो. सहाव्या प्रथिनाची ही पिशवी फाडण्याची कामगिरी श्रोत्यांनीं कृपा करून ध्यानांत ठेवावी. पुढें तिचें काम पडणार आहे.

आतां खरा प्रश्न उभा राहतो. विषाणूजवळ मजकूर आहे, पण छापखाना नाहीं. शाई, कागद, खिळे, सारें पेशीचें. आणि शरीरांतील बहुतेक वाढलेल्या पेशी विभागत नसतात, त्यामुळें डीएनए बांधण्यास लागणारा माल त्यांच्याजवळ फारसा नसतो. कोठार बंद, आणि दारावर पहारेकरी. ह्या पहारेकऱ्याचें नांव आरबी. पेशीस विभागण्यास लावणारें ई-२-एफ नांवाचें एक प्रथिन आहे, त्यास हा आरबी धरून ठेवतो.

विषाणु केंद्रकांत शिरल्याबरोबर जें पहिलें प्रथिन बनवितो त्यास ई-१-ए म्हणतात. ई म्हणजे आरंभींचें. हें ई-१-ए थेट जाऊन आरबीला मिठी मारतें, आणि ई-२-एफ मोकळें होतें. पेशीला वाटतें विभागण्याची वेळ आली. ती कोठार उघडते. शिवाय तेंच ई-१-ए विषाणूच्या पुढच्या जनुकांसहि जागें करतें. गंमत अशी कीं ई-२-एफ हें नांवच मुळीं ह्या विषाणूच्या ई-२ जनुकांवरून पडलें आहे. पेशीचें एक महत्त्वाचें प्रथिन शास्त्रज्ञांस विषाणूच्या मागें मागें जातांना सांपडलें. ई-१-ए हें आरबीला धरतें ही गोष्ट १९८८ मध्यें सिद्ध झाली, आणि कर्करोगाच्या विचारास तिनें मोठी दिशा दिली. कारण कित्येक कर्करोगांत हाच पहारेकरी नाहींसा झालेला असतो.

परंतु पेशीहि एवढी भोळी नसते. अवेळीं कोठार उघडलें गेलें म्हणजे तिच्यांतलें पी-५३ नांवाचें प्रथिन धोक्याची घंटा वाजवितें आणि पेशी आत्मघात करते. शेजारच्या पेशींस वांचविण्याची ती एक रीत आहे. पेशी अशी लवकर मेली तर विषाणूचें सारेंच मुसळ केरांत. म्हणून दुसरें प्रथिन, ई-१-बी. त्याचीं दोन रूपें आहेत. धाकटें रूप आत्मघाताची यंत्रणा थेट रोखून धरतें. थोरलें रूप ई-४ जनुकांतल्या सहाव्या प्रथिनाशीं जोडी जमवितें, आणि ही जोडी पी-५३ वर असा शिक्का मारते कीं पेशीच्याच झाडूवाल्यांनीं त्यास उचलून मोडीत काढावें. ही जोडी पुढें आणखी एक काम करते: विषाणूचे निरोप केंद्रकाबाहेर जाऊं देते आणि पेशीचे स्वतःचे अडवून ठेवते. ह्या जोडीचाहि विसर पडूं देऊं नये. ई-३ चीं प्रथिनें शरीराच्या शिपायांपासून पेशीस लपवून ठेवतात. कांचपात्रांत शिपाई नसतात म्हणून तेथें त्यांच्यावांचून अडत नाहीं.

कोठार उघडलें, घंटा बंद झाली. आतां डीएनएच्या नकला काढावयाच्या. येथें विषाणूनें जी युक्ति केली आहे ती मला ह्या सगळ्या प्रकरणांत सर्वांत रम्य वाटते.

डीएनएची नक्कल करणारें जें प्रथिन, त्यास पॉलिमरेज म्हणतात, त्याची एक खोड आहे. लिहिलेल्या अक्षरापुढें दुसरें अक्षर जोडणें त्यास येतें. कोऱ्या पाटीवर पहिलें अक्षर काढणें येत नाहीं. पहिलीच्या वर्गांत ज्यांनीं शिकविलें आहे त्यांस असलीं मुलें ठाऊक आहेत. आपल्या पेशी आधीं एक छोटासा तात्पुरता तुकडा लिहून देतात, त्यापुढें पॉलिमरेज चालतें आणि तो तुकडा मागाहून पुसला जातो. गोल दोरीला हें चालतें. सरळ दोरीच्या अगदीं टोंकाशीं मात्र पुसलेली जागा भरतां येत नाहीं. बैलांच्या नांगरानें शेत नांगरतांना बांधालगतची पट्टी राहून जाते, तसें हें आहे. प्रत्येक नकलेबरोबर टोंक थोडें थोडें झिजत जाणार. आपल्या पेशींनीं टोंकांशीं निरर्थक अक्षरांची लांब झालर लावून हें नुकसान पचविलें आहे. अॅडिनोव्हायरसाजवळ मोजकीं ३६,००० अक्षरें. त्यास झालर परवडत नाहीं.

मग तो काय करतो? पहिलें अक्षर तो प्रथिनावरच लिहितो. ई-२ जनुकांतून तीन प्रथिनें बनतात: स्वतःचें पॉलिमरेज, टोंकाचें प्रथिन, आणि एकेरी पदर झांकणारें प्रथिन. टोंकाचें प्रथिन पॉलिमरेजचा हात धरून डीएनएच्या टोंकाशीं येतें, आणि पॉलिमरेज पहिलें अक्षर, ‘सी’, ह्या प्रथिनाच्या अंगावरच जोडतें. तेथून पुढें नक्कल सुरू. बांधालगतची पट्टी मुळीं राहतच नाहीं. त्यांतहि एक बारीक चातुर्य आहे. टोंकाशीं तींच तीन अक्षरें लागोपाठ दोनदां आलेलीं असतात. पॉलिमरेज आरंभ करतें तो चौथ्या अक्षरापासून. तीन अक्षरें जुळलीं कीं तें मागें उडी घेऊन पहिल्या तिघांसमोर बसतें आणि मग सरसर पुढें निघतें. जणूं कोरी पाटी खराब होऊं नये म्हणून पहिली ओळ दुसऱ्या जागीं गिरवून घेतली. टोंकाचें एखादें अक्षर झिजलें असलें तरी ह्यामुळें तें भरून निघूं शकतें.

नक्कल पुढें सरकूं लागली कीं जुन्या दोन पदरांपैकीं एक उसवून बाजूला पडतो. एकटा पदर पेशींत सुरक्षित नसतो. तो गुंततो, तुटतो. तिसरें प्रथिन त्यावर ओळीनें बसत जातें आणि त्यास ताठ ठेवतें. मागाहून ह्या सुट्या पदराचीं दोन टोंकें एकमेकांस जुळतात, कारण दोहोंकडचीं सुमारे शंभर अक्षरें परस्परांचीं पूरक असतात. जुळलेलें टोंक पूर्वीच्या दोन पदरी टोंकासारखेंच दिसतें, आणि पुनः तोच आरंभ. ह्या कामीं पेशीचीं स्वतःचीं दोन प्रथिनेंहि मदतीस धांवतात. १९७९ मध्यें बाल्टिमोर येथें चालबर्ग आणि केली ह्यांनीं पेशीच्या बाहेर, नुसत्या परीक्षानलिकेंत, ही सारी क्रिया घडवून दाखविली. तेव्हांपासून एकेक प्रथिन काढून अथवा घालून त्याचें काम पारखतां येऊं लागलें.

नकला निघूं लागल्या म्हणजे विषाणु आपला रोंख पालटतो. आतांपर्यंत हत्यारें बनत होतीं, आतां विटा बनावयाच्या. ह्या उत्तरार्धांतील बहुतेक प्रथिनांचे निरोप एकाच लांबलचक प्रतींतून निघतात. ती प्रत ठिकठिकाणीं कापून तुकडे नव्यानें जोडले जातात. जनुकांचा मजकूर असा कापून जोडला जातो हें जगास प्रथम कळलें तें ह्याच विषाणूमुळें, १९७७ मध्यें. फिलिप शार्प आणि रिचर्ड रॉबर्ट्‌स ह्यांस त्याबद्दल १९९३ चें नोबेल पारितोषिक मिळालें. मागाहून दिसून आलें कीं आपलीं स्वतःचीं बहुतेक जनुकेंहि अशींच कापून जोडलेलीं आहेत.

विटा केंद्रकाबाहेर भाजल्या जातात आणि घर केंद्रकाच्या आंत उभें राहतें. म्हणजे माल वाहून न्यावयाचा आला. त्यांतून हेक्झॉनाची वीट मोठी हट्टी. नुसतें प्रथिन तयार झालें म्हणून तीन रेणूंची वेणी आपोआप पडत नाहीं. तें गोळा होऊन फुकट जातें. त्यासाठीं एक निराळें प्रथिन आहे, त्याच्या वजनावरून त्यास ‘शंभर-के’ म्हणतात. तें हेक्झॉनाच्या रेणूंना हातांत धरून वेणी घालतें आणि काम झालें कीं बाजूस होतें. तयार कणांत त्याचा मागमूसहि नसतो. शिवाय पेशीचें स्वतःचें प्रथिन बनविण्याचें काम मंदावून विषाणूचेंच निरोप वाचले जावेत अशी व्यवस्थाहि तेंच करतें. वेणी पडली कीं सहाव्या प्रथिनाचा कच्चा अवतार हेक्झॉनास केंद्रकांत घेऊन जातो. केंद्रकाच्या दाराचा परवाना ह्या सहाव्याजवळ असतो, हेक्झॉनाजवळ नसतो. पेंटॉनाचीं पीठें आणि तंतु हे बाहेरच जुळून मग आंत जातात.

आंत २४० हेक्झॉन आणि १२ पेंटॉन जुळले, तरी नुसत्या विटांनीं भिंत टिकत नाहीं. नववें प्रथिन बाहेरच्या बाजूनें हेक्झॉनांच्या फटींत चुन्यासारखें बसतें. तें काढून टाकलें तर कण बनतो, पण उष्णतेनें लवकर फुटतो. तिसऱ्या प्रथिनाचें एक भावंड कोपऱ्यांखालीं आणि आठवें आंतल्या अंगास, असे सांधे पक्के होतात.

आणि डीएनए आंत कसा जातो? दोरीच्या डाव्या टोंकाजवळ अक्षरांची एक खूण आहे. ती खूण असेल तोच डीएनए भरला जातो. पेशीचा स्वतःचा डीएनए कितीहि आसपास असला तरी तो आंत येत नाहीं. ही खूण ओळखणारीं तीन-चार प्रथिनें आहेत, त्यांतलें एक, ज्यास चार-ए-दोन म्हणतात, तें दोरी आंत ढकलणारें यंत्र असावें असें मानतात. दुसरें एक, बावन्न-के, कवच आणि डीएनए ह्यांची गांठ घालून देतें. येथें विद्वानांत दोन तट आहेत. एक म्हणतो, आधीं रिकामें घर पुरें होतें आणि मग एका कोपऱ्यांतून डीएनए आंत ओढला जातो. दुसरा म्हणतो, डीएनएभोंवतींच भिंती उभ्या राहतात. २०२३ मध्यें फिलाडेल्फियांतील संशोधकांनीं असें दाखविलें कीं बावन्न-के प्रथिन केंद्रकांत तेलाच्या थेंबासारखे थेंब करतें, आणि त्या थेंबांत कवचाचे भाग एकत्र आणले जातात. तें नसलें तर रिकामीं कवचें तेवढीं बनतात, आंत कांहीं नाहीं. माझ्यासारख्या मॅट्रिकपर्यंत शिकलेल्या माणसानें ह्या वादांत पडूं नये हें खरें. तरी थेंबांची ही गोष्ट वाचल्यापासून मला दुसऱ्या तटाचें म्हणणें अधिक पटूं लागलें आहे.

घर झालें, माल भरला. तरी हा कण अजून निरुपयोगी आहे. आपल्याकडे स्लॅब टाकतांना खालीं फळ्यांचें सेंटरिंग लावतात. स्लॅब वाळला आणि सेंटरिंग तसेंच राहूं दिलें तर त्या घरांत राहतां येत नाहीं. विषाणूच्या कवचांत अशीं सेंटरिंगचीं प्रथिनें, आणि कच्च्या प्रथिनांच्या जादा शेंपट्या, भरपूर असतात. त्या तोडण्यासाठीं विषाणु आपली एक कात्री कणाच्या आंतच कोंडून ठेवतो. ही कात्री एरवीं बोथट असते. डीएनएचा स्पर्श झाला आणि सहाव्या प्रथिनाच्या शेंपटीचा अकरा घटकांचा एक तुकडा तिला चिकटला म्हणजे तिला धार येते. म्हणजे घर बंद होऊन माल आंत आल्याशिवाय ती कापीत नाहीं. आधींच कापूं लागली असती तर बांधकामच कोसळलें असतें. धार आल्यावर ती डीएनएच्या दोरीवरून घसरत जाते आणि वाटेंत येणाऱ्या प्रथिनांच्या शेंपट्या छाटते. बावन्न-के ची गांठहि तीच सोडविते.

ही छाटणी किती महत्त्वाची आहे ह्याचा पुरावा एका सदोष विषाणूनें दिला. त्याचें नांव टीएस-१. उष्ण तापमानांत वाढविला तर त्याच्या कणांत कात्री जातच नाहीं. ते कण बाहेरून हुबेहूब असतात, पेशीस चिकटतात, पिशवींतहि शिरतात. पण तेथेंच अडकतात. सहावें प्रथिन कच्चेंच राहिल्यामुळें कवच सैल होत नाहीं आणि पिशवी फाटत नाहीं. घर इतकें मजबूत कीं मालकासच बाहेर पडतां येत नाहीं! बांधणीच्या वेळचीं प्रथिनें आणि पुढच्या स्वारीच्या वेळचीं प्रथिनें कशीं एकमेकांत गुंतलीं आहेत हें ह्यावरून दिसतें. कात्री बोथट करणारें औषध सांपडलें तर अॅडिनोव्हायरसावर इलाज मिळेल, म्हणून तिच्यावर संशोधन चालू आहे.

शेवटीं ई-३ जनुकांतलें एक प्रथिन पेशीची भिंत खिळखिळी करतें आणि नवे कण बाहेर पडतात. एका पेशींतून सुमारे दहा हजार. सारा खेळ एक-दीड दिवसाचा.

आतां पुण्याच्या लसीकडे वळूं. ऑक्सफर्डच्या संशोधकांनीं चिंपांझीचा विषाणु अशासाठीं घेतला कीं माणसांच्या अॅडिनोव्हायरसांविरुद्ध आपल्या बहुतेकांच्या रक्तांत आधींच शिपाई तयार असतात. ते लसीस वाटेंतच गांठतील. ह्या विषाणूच्या डीएनएमधून त्यांनीं ई-१ चा भाग कापून टाकला, आणि त्या जागीं कोविडच्या विषाणूच्या कांट्याचें जनुक बसविलें. ई-३ हि काढलें. कवचांत मूळ दोरीहून फार तर शेंकडा पांच अधिक लांबी मावते, तेव्हां नव्या मजकुरासाठीं जागा करणें भागच होतें.

ई-१ गेलें म्हणजे काय गेलें हें श्रोत्यांस आतां सांगावयास नको. कोठार उघडणारा गेला, पुढच्या जनुकांस जागें करणारा गेला, घंटा बंद करणारा गेला. ई-२ जागें होत नाहीं, म्हणून नकला निघत नाहींत. नकला नाहींत म्हणून विटा नाहींत, घर नाहीं, संतति नाहीं. दंडाच्या पेशींत शिरलेला कण आपला निरोप तेवढा देतो, पेशी कांहीं काळ कोविडचे कांटे बनविते, शरीर तें पाहून शिपाई घडवितें, आणि विषाणु जेथल्या तेथें संपतो.

मग अशा वांझ विषाणूच्या कोट्यवधि मात्रा कारखान्यांत वाढविल्या कशा? ह्याचें उत्तर हॉलंडमधील लायडन येथें १९७३ मध्यें तयार झालें होतें, लसीचा कोणाच्या मनांतहि विचार नसतांना. फ्रँक ग्रॅहम ह्यांनीं मानवी गर्भाच्या मूत्रपिंडापासून वाढविलेल्या पेशींत पांचव्या अॅडिनोव्हायरसाच्या डीएनएचे तुकडे सोडले. एका पेशीच्या एकोणिसाव्या गुणसूत्रांत त्याचें डावें टोंक, सुमारे ४,३०० अक्षरांचें, कायमचें बसलें; आणि त्या टोंकांत ई-१ आहे. तो त्यांचा २९३ वा प्रयोग होता, म्हणून त्या पेशींस २९३ पेशी म्हणतात. ह्या पेशी ई-१-ए आणि ई-१-बी स्वतःच बनवितात. विषाणूजवळ जें नाहीं तें घर पुरवितें. तेथें तो वाढतो, अन्यत्र कोठेंहि नाहीं.

तरी एक अडचण आलीच. मघां ई-१-बी आणि ई-४ ची जोडी सांगितली. २९३ पेशींतलें ई-१-बी हें माणसाच्या पांचव्या विषाणूचें, आणि ई-४ चिंपांझीच्या विषाणूचें. ही सोयरीक नीट जुळेना आणि पीक कमी येऊं लागलें. तेव्हां चिंपांझीच्या विषाणूंत ई-४ चीं कांहीं जनुकें माणसाच्या पांचव्या विषाणूचीं आणून कलम केलीं. जोडी जुळली, पीक वाढलें. दोन प्रथिनांचें एकमेकांशीं पटणें ही केवढी व्यवहाराची गोष्ट आहे, पाहा! लसीच्या एका अर्ध्या मिलिलिटर मात्रेंत पांच हजार कोटी कण असत. एका पेशीचे दहा हजार कण धरले, तर एका मात्रेसाठीं सुमारे पन्नास लाख पेशी लागल्या. शुद्धीकरणांत वायां गेलेल्या निराळ्या.

ह्या व्यवस्थेंत धोका मुळींच नाहीं असें म्हणणें बरोबर होणार नाहीं. पेशींतलें ई-१ आणि विषाणूचा डीएनए ह्यांची अक्षरें जेथें सारखीं असतील तेथें अदलाबदल होऊन क्वचित् विषाणूस आपलें गेलेलें ई-१ परत मिळूं शकतें, आणि तो पुनः वाढूं शकणारा होतो. माणसाच्या पांचव्या विषाणूवरील लसींत हें घडलेलें आहे. म्हणूनच लायडन येथेंच पुढें अशी पेशी घडविण्यांत आली कीं जिच्यांत नेमकें ई-१ तेवढेंच आहे, शेजारचा मजकूर नाहीं. चिंपांझीच्या विषाणूचीं अक्षरें बरींच निराळीं असल्यामुळें ही अदलाबदल अवघड जाते; तरीहि अशा लसींच्या घाण्यांची त्या दृष्टीनें तपासणी करावी लागते.

लोकांनीं भीति धरली ती विषाणु वाढण्याची. जें खरोखर क्वचित् घडलें तें निराळेंच होतें. कांहीं थोड्या जणांत लसीनंतर एक ते चार आठवड्यांत रक्ताच्या गुठळ्या होऊन बिंबिका कमी झाल्या. त्यांतले कांहीं दगावले. ब्रिटनमध्यें हें प्रमाण लाखांत एक-दोन असें दिसलें, तरुणांत थोडें अधिक. रक्तांतील पीएफ-४ नांवाच्या प्रथिनाविरुद्ध शरीर चुकीचे शिपाई घडवितें, हें त्याचें कारण. पीएफ-४ विषाणूच्या कवचाला चिकटतें असेंहि आढळलें. २०२३ मध्यें असेच रोगी लसीशिवाय, नुसत्या अॅडिनोव्हायरसाच्या संसर्गानेंहि झालेले सांपडले. म्हणजे दोष वाढण्याचा नव्हे, तर त्या कणाच्या द्रव्याचा आहे. ज्या घरांतलें माणूस असें गेलें त्यांस लाखांत एक ह्या हिशेबानें समाधान वाटणार नाहीं, आणि वाटावें अशी अपेक्षाहि कोणी करूं नये.

पुण्यांतील ह्या लसीचें उत्पादन डिसेंबर २०२१ पासून थांबलें, आणि मे २०२४ मध्यें मूळ कंपनीनें युरोपांतील आपला परवाना परत केला. २९३ पेशी मात्र जगभरच्या प्रयोगशाळांत अजून वाढत आहेत, आणि त्यांच्या एकोणिसाव्या गुणसूत्रांत विषाणूचें तें डावें टोंक होतें तसेंच आहे.